पाच वॅट की पंधरा? छोटा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प घेताना

"किती वॅटचा घेऊ?" गिटार शिकून दोन-तीन वर्षं झालेली पोरं माझ्याकडे येतात तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो. मी उलट विचारतो, "वाजवणार कुठं?" उत्तर बहुतेकांचं ठरलेलं असतं. रोज घरी, माडीवरच्या खोलीत. वर्षातून दोन-चारदा गणपतीच्या मंडळापुढं, उरुसात, लग्नाची एखादी सुपारी मिळाली तर तिथं. आणि जमून आलंच तर इचलकरंजीच्या घोरपडे नाट्यगृहात. अ‍ॅम्प केवढा हवा ते या उत्तरातच आलेलं असतं. पण पोराचा जीव पन्नास-शंभर वॅटवर अडकलेला असतो, कारण व्हिडिओत त्याच्या आवडत्या वादकाच्या पाठीमागं तसलीच भिंत उभी दिसते. मी हा लेख त्या पोरांसाठी लिहितोय, आणि पैसे भरणाऱ्या त्यांच्या आईबापांसाठीही.

आधी व्हॉल्व्ह म्हणजे काय ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला तो १९०४ साली. त्याच वर्षी लंडनमध्ये जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी पहिल्या व्हॉल्व्हच्या पेटंटसाठी अर्ज केला. दोन वर्षांनी अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी त्यात तारेची एक जाळी घातली आणि आवाज मोठा करण्याची वाट मोकळी झाली. काचेच्या नळीतली हवा काढून टाकलेली असते. मधोमध तापणारा कॅथोड, बाहेरून प्लेट आणि दोघांच्या मध्ये ती जाळी. कॅथोड तापला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटून प्लेटकडे धावतात. गिटारचा कमजोर सिग्नल जाळीवर दिला की तो त्या धावत्या लोंढ्याला अडवतो किंवा सोडतो. उसाला पाणी पाजताना दारं धरणाऱ्याला हे लगेच कळेल: खोऱ्यानं हललेली ढेकळं चार, पण त्यावर वळतं ते पाटाचं सगळं पाणी.

मग ट्रान्झिस्टर हेच काम स्वस्तात आणि न तापता करत असताना व्हॉल्व्हच्या मागं का लागायचं? कारण ताकद संपत आली की दोघं वेगळं वागतात. साधा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प हद्द आली की आवाजाची कड एकदम कापतो. व्हॉल्व्ह हळूहळू दबतो, दबता दबता मूळ सुरात वरचे स्वर मिसळत जातो. हे शब्दांत सांगणं अवघड आहे, पण आपल्याकडे त्याला शेजारचंच उदाहरण आहे. आमच्या कबनूरहून तासाभरावर मिरज. तिथं शिकलगारांच्या घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोऱ्याचं काम हाती घेतलं, आणि २०२४ साली तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथला कारागीर तंबोऱ्याची घोडी कानसीनं घासत बसतो, मध्येच तार छेडून बघतो, पुन्हा घासतो. एका क्षणाला कोरडी 'टण्ण' जाऊन सुरातून सूर पाझरायला लागतो. त्याला जवारी खुलणं म्हणतात. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प नेमका जागेवर आला की तेच होतं. हळू छेडलं तर स्वच्छ, जोरात छेडलं तर खरखरीत दाणेदार, आणि मधल्या सगळ्या पायऱ्या बोटांच्या हाती. गिटारवरचा व्हॉल्यूम थोडा मागं घेतला की तोच अ‍ॅम्प पुन्हा मऊ बोलतो.

हे सगळं व्हॉल्व्हवर पुरेसा भार आला तरच घडतं. शंभर वॅटचा अ‍ॅम्प खोलीत एकवर ठेवून वाजवला तर त्याचे पॉवर व्हॉल्व्ह झोपलेलेच राहतात. त्यांना जागं करायला जावं तर गल्ली गोळा होते. म्हणून घरासाठी छोटा अ‍ॅम्प घेणं ही तडजोड मानू नका. १९७० साली मायामीत 'लैला' ध्वनिमुद्रित करताना एरिक क्लॅप्टननं फेंडरचा चॅम्प वापरला. तो अ‍ॅम्प पाच वॅटचा, त्यात एकच पॉवर व्हॉल्व्ह आणि स्पीकर आठ इंची.

आता आवाजाचा हिशेब करू, कारण फसगत इथंच होते. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे वॅट दहापट. स्पीकरच्या माहितीपत्रकात एक आकडा छापलेला असतो: एक वॅट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल. गिटारच्या चांगल्या स्पीकरला हा आकडा ९७ ते १०० असतो. ९७ धरला तर पाच वॅटला १०४ डेसिबल होतात आणि पंधरा वॅटला सुमारे १०९. तिप्पट वॅट घेऊन पदरात पाच डेसिबलही पडले नाहीत. उलट त्याच पाच वॅटच्या अ‍ॅम्पला ९७ऐवजी १०० डेसिबलचा स्पीकर लावला तर तो दहा वॅटचा असल्यासारखा बोलतो. म्हणून दुकानात वॅट विचारून झाले की स्पीकर कुठला आणि किती इंची हे नक्की विचारा. आठ इंची स्पीकर पेटीतून बोलल्यासारखा वाटतो, रात्री सरावाला तो बरा. दहा इंची हा माझ्या मते घर आणि बाहेर दोन्हीकडे चालणारा मध्यम मार्ग. खर्जाला अंग हवं असेल तर बारा इंची घ्या, पण पेटी मोठी होते आणि वजनही वाढतं.

हाच हिशेब खालच्या दिशेनंही चालतो. वॅटचा दहावा भाग, म्हणजे ०.१ वॅट, त्याच स्पीकरवर ८७ डेसिबल देतो. बंद खोलीत हा आवाज भरपूर झाला. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. भिंती आणि अंतर आवाज खातात, तरी पाच वॅट पूर्ण सोडलेला अ‍ॅम्प शेजारी ऐकू जातोच. आपल्याकडे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. दिवसभर मागांचा खडखडाट असतो, त्यात आपला आवाज कुणाला कळणार, असं पोरांना वाटतं. पण रात्रपाळी करून आलेला माणूस दुपारी झोपलेला असतो. मागांच्या आवाजाची त्याच्या कानाला सवय झालेली असते, तुमच्या सोलोची नसते. एकदा विचारून वेळ ठरवून घ्या. माझ्या घराशेजारी संध्याकाळी सहा ते आठ ही वेळ ठरली आहे आणि आजवर कुणाची तक्रार आलेली नाही.

म्हणून ताकद कमी करायची सोय असलेला अ‍ॅम्प शोधा. ही सोय तीन तऱ्हेची असते. मास्टर व्हॉल्यूम असेल तर पुढचे छोटे व्हॉल्व्ह जोरात चालवून शेवटी आवाज दाबता येतो. त्यात खरखर मिळते, पण पॉवर व्हॉल्व्हचा मऊ दाब मिळत नाही. दुसरी सोय पॉवर कमी करायच्या खटक्याची, पंधराचा सात किंवा पाचाचा अर्धा वॅट करणारी. तिसरी म्हणजे अ‍ॅम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये बसणारा अ‍ॅटेन्युएटर. तो जास्तीची ताकद उष्णतेत घालवतो, त्यामुळे आवाज कमी होऊनही व्हॉल्व्हवर भार राहतो. आवाज फारच खाली नेला तर रंग थोडा उडतो, कारण स्पीकरचा पडदा आणि आपला कान दोन्ही हळू आवाजात वेगळं वागतात. त्याला इलाज नाही.

नावंच हवी असतील तर थोडक्यात सांगतो. फक्त घरासाठी मार्शलचा डीएसएल १ (एक वॅट, खटका दाबला की ०.१), ब्लॅकस्टारचे एचटी १ आणि एचटी ५, व्हॉक्सचा एसी ४, बुगेराचा व्ही ५. यातल्या शेवटच्यात पाच, एक आणि ०.१ वॅट अशी तिन्ही ठाणी आहेत. घर आणि कार्यक्रम दोन्हीसाठी पंधरा वॅटच्या आसपासचा वर्ग: फेंडर ब्लूज ज्युनिअर, व्हॉक्स एसी १५, लेनी कब १२ आर, ऑरेंज टायनी टेरर, आणि वीस वॅटचा मार्शल डीएसएल २०. लेनीला एक वॅटपेक्षा कमी ताकदीचं वेगळं इनपुट आहे, टायनी टेरर पंधराचा सात होतो, डीएसएल २० दहा होतो. मला स्वतःला या वर्गात ब्लूज ज्युनिअर सोयीचा वाटतो, कारण बारा इंची स्पीकर असून तो साधारण १४ किलोचा आहे. मोटारसायकलवर मागं बसलेल्याच्या मांडीवर तो ठेवता येतो. एसी १५ आवाजाला गोड, पण २२ किलोच्या घरात. तो जिन्यावरून चढवताना दोन माणसं लागतात.

जाहिरातीत 'व्हॉल्व्ह' शब्द दिसला म्हणून भुलू नका. काही अ‍ॅम्पमध्ये सुरुवातीला एकच छोटा व्हॉल्व्ह असतो आणि ताकदीचं काम ट्रान्झिस्टर करतो. ऑरेंजचा मायक्रो टेरर तसला आहे. तो वाईट नाही, हलका आणि स्वस्त आहे, पण आपण काय घेतोय हे माहीत असावं. पाठीमागच्या जाळीतून डोकावा. एक वॅटचे अ‍ॅम्प सोडले, तर बोटभर उंचीचे छोटे व्हॉल्व्ह आणि त्यांच्याहून उंच निदान एक पॉवर व्हॉल्व्ह दिसला पाहिजे, आणि ट्रान्स्फॉर्मर दोन.

पॉवर व्हॉल्व्ह कुठला यावर आवाजाची जात ठरते. ६ व्ही ६ हा फेंडरच्या जुन्या छोट्या अ‍ॅम्पचा, गोल आणि घंटेसारखा. ईएल ८४ ब्रिटिश वळणाचा, वरचे सूर खणखणीत. १९५८ च्या व्हॉक्स एसी १५मध्ये अशा दोन नळ्या होत्या. आपल्याकडे ईएल ८४चा एक व्यावहारिक फायदा आहे. १९५० आणि ६०च्या दशकांतल्या अनेक रेडिओंत आवाजाचं काम हाच व्हॉल्व्ह करायचा आणि बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनंही तो बनवला. त्यामुळे जुन्या रेडिओ मेकॅनिकच्या डब्यात तो अजून सापडतो आणि त्याचे पायही त्यांना तोंडपाठ असतात. आज नवे व्हॉल्व्ह जगात मोजक्या ठिकाणी होतात: स्लोव्हाकियात जेजे, रशियात सारातोवचा कारखाना, आणि चीन. २०२२ साली युद्धामुळे रशियाचा माल अडला तेव्हा जगभर भाव चढले होते. म्हणून अ‍ॅम्प घेतानाच त्याच्या पॉवर व्हॉल्व्हची एक जोडी आणि पुढचा छोटा व्हॉल्व्ह, एक १२ एएक्स ७, घेऊन ठेवा. त्याचंच युरोपी नाव ईसीसी ८३, जुने मेकॅनिक तेच म्हणतात.

आणखी एक प्रश्न विचारा: बायस, म्हणजे पॉवर व्हॉल्व्हमधून नुसता किती करंट वाहावा याची बसवणी, अ‍ॅम्प स्वतः सांभाळतो का? कॅथोड बायस असलेल्या अ‍ॅम्पमध्ये व्हॉल्व्ह बदलला की काम संपलं. बाकीच्यांत बदलल्यावर मीटर लावून जुळवणी किंवा निदान तपासणी करावी लागते. जवळ जाणकार नसेल तर पहिला प्रकार घ्या.

आता विजेकडे येतो. वॅट आणि नावं यांपेक्षा या भागात हीच गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, आणि नेमकी तीच कुणी विचारत नाही.

माझा पहिला व्हॉल्व्ह अ‍ॅम्प मावसभावानं अमेरिकेतून आणला होता. पाठीमागं १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असं लिहिलेलं होतं. ते वाचायच्या आधीच मी पिन बदलून तो आपल्या २३० व्होल्टवर लावला. फ्यूज उडाला. तो कशासाठी उडाला याचा विचार न करता मी त्या जागी जाड तार घातली. दुसऱ्यांदा सुरू केल्यावर वीस सेकंदांत वार्निश जळाल्याचा वास आला, पाठोपाठ जाळीतून निळसर धूर. पॉवर ट्रान्स्फॉर्मर गेला होता. तो वास मला अजून ओळखू येतो. परदेशी नातेवाइकांकडून अ‍ॅम्प मागवणाऱ्यांनी पाठीमागची पट्टी आधी वाचावी. फक्त १२० असेल तर २३०चे १२० करणारा वेगळा ट्रान्स्फॉर्मर लागतो, आणि तोही अ‍ॅम्पच्या गरजेच्या दुप्पट ताकदीचा घ्यावा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यानं काही अमेरिकी ट्रान्स्फॉर्मर इथं जास्त तापतात, त्यामुळं पहिला अर्धा तास हात लावून बघत राहा. आणि फ्यूज नेहमी पट्टीवर लिहिलेल्या आकड्याचाच. चंदेरी कागद नको, तार तर नकोच.

दुसरी गोष्ट खाली-वर होणारं व्होल्टेज. माझ्या खोलीतल्या बोर्डावर मी काही दिवस मीटर लावून नोंदी ठेवल्या. संध्याकाळी २०५च्या आसपास, माग बंद असलेल्या दिवशी पहाटे २४५च्या वर. व्हॉल्व्हच्या तारेला ६.३ व्होल्ट मिळायला हवेत. भिंतीत २०५ असतील तर तिला ५.६ मिळतात, अ‍ॅम्प मवाळ होतो आणि लवकर फाटायला लागतो. एडी व्हॅन हेलन हाच परिणाम मुद्दाम मिळवायचा, व्होल्टेज खाली ओढून. ऐकायला तो बरा वाटतो, पण सततच्या कमी तापमानात व्हॉल्व्हचं आयुष्य घटतं. वर चढलेलं व्होल्टेज त्याहून वाईट, कारण आतले कंडेन्सर आणि पॉवर व्हॉल्व्ह दोन्ही हद्दीवर चालतात. त्यामुळे एक बरा स्टॅबिलायझर अ‍ॅम्पच्या किमतीतच धरा. पाच वॅटचा अ‍ॅम्प भिंतीतून साधारण चाळीस-पन्नास वॅट ओढतो, तेव्हा छोटा स्टॅबिलायझर पुरतो. मात्र रिले खटखटणारा असेल तर प्रत्येक खटक्याला स्पीकरमधून टक्क येतं. सर्व्हो मोटरचा मिळाला तर उत्तम. घरच्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर अ‍ॅम्प लावू नका, गुणगुण सहन होत नाही.

तिसरी गोष्ट अर्थिंग, आणि इथं मी हात जोडून सांगतो. तीन पिनांतली मोठी पिन कापून दोन पिनांवर अ‍ॅम्प चालवणारे वादक मी पाहिले आहेत, 'हम', म्हणजे गुणगुण, 'जातो' म्हणून. हम जातोही, पण त्याबरोबर तुमच्या जिवाची राखणही जाते. गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या पेटीला जोडलेल्या असतात. आत काही बिघडलं तर त्या तारांत वीज येते, आणि ओठ माइकला लागला की ती तुमच्यातून वाट काढते. ३ मे १९७२ रोजी स्वान्सीत स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी भर रंगमंचावर असाच गेला. माइकची अर्थिंग नव्हती. आपल्या मांडवात तर साउंडवाल्याची लाईन जनरेटरवरून आणि वादकाची शेजारच्या घरातून असं सर्रास असतं. दोन्ही एकाच जागेवरून घ्यायला लावा. वाजवायच्या आधी मीटर एसीवर ठेवून एक टोक गिटारच्या तारेला आणि दुसरं माइकच्या जाळीला लावा. दोन-चार व्होल्टच्या वर काही दिसलं तर कार्यक्रम थांबला तरी चालेल, माइकला तोंड लावू नका. घरी ३० मिलीअँपचा आरसीसीबी बसवून घ्या, वायरमनला सांगितलं की कळतं.

हम घालवायचे बिनधोक उपायही आहेत. कबनूरसारख्या ठिकाणी भिंतीपलीकडे मोटरा चालू असतात, त्यामुळे एका कॉइलचा पिकअप हूं करणारच. उभं राहून हळूहळू गिटारसकट गोल फिरा. एका दिशेला हूं जवळजवळ नाहीशी होते. तिथं खुर्ची ठेवा. जुनी चोकवाली ट्यूबलाइट बंद करा. तरीही राहिलं तर दोन कॉइलचा हंबकर बसवा. गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी १९५५ साली तो याच कामासाठी तयार केला. गिटार काढून घेतल्यावरही हूं येत असेल तर दोष अ‍ॅम्पमध्ये आहे, बहुधा वाळलेल्या कंडेन्सरमध्ये. तिथं मात्र स्वतः हात घालू नका. प्लग काढला तरी त्या कंडेन्सरमध्ये तीनशे-चारशे व्होल्ट साठलेले असू शकतात.

दुरुस्तीबद्दल एक अनुभव सांगतो. माझ्या एका मित्राकडे एका पॉवर व्हॉल्व्हचा पाच वॅटचा अ‍ॅम्प होता. स्पीकरची वायर निसटलेली असताना त्यानं तो पूर्ण आवाजावर पाच मिनिटं वाजवला, आवाज का येत नाही म्हणून. स्पीकर नसेल तर बाहेर जायची ताकद परत उलटते आणि आउटपुट ट्रान्स्फॉर्मरची वाइंडिंग फुटते. तशी ती फुटली. इचलकरंजीत मोटर वाइंडिंगच्या दुकानांना तोटा नाही. एकानं ट्रान्स्फॉर्मर उघडला, वेढे मोजले, तेवढ्याच जाडीची तांब्याची तार भरली, इतकं नीटस काम की बघत राहावं. अ‍ॅम्प वाजला, पण पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. खर्ज गायब. शेवटी एका वयस्क रेडिओ मेकॅनिकनं ट्रान्स्फॉर्मर तळहातावर घेतला आणि चष्मा कपाळावर सरकवून कडेनं निरखला. "पट्ट्या एकाआड एक बसवल्यात," ते म्हणाले. मेन ट्रान्स्फॉर्मरमध्ये इंग्रजी ई आणि आय आकाराच्या लोखंडी पट्ट्या अशाच, एकमेकींत गुंफून बसवतात. पण एका व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये वाइंडिंगमधून सतत एकाच दिशेनं करंट वाहतो. गाभा त्यानं भरून जाऊ नये म्हणून सगळ्या ई एका बाजूला, सगळ्या आय दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये कागदाएवढी फट ठेवावी लागते. त्यांनी पट्ट्या सुट्या केल्या, तशा रचल्या, मधोमध जाड कागदाची पट्टी घातली आणि आवळल्या. खर्ज परत आला. वाइंडिंगवाल्याची चूक नव्हती, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तुमचा अ‍ॅम्प कुणाकडे द्याल तेव्हा ही एवढी गोष्ट आधी सांगा. आणि स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्ह अ‍ॅम्प कधी सुरू करू नका. स्पीकरला गिटारची बारीक केबल नको, जाड दोन तारांची वायर वापरा, आणि ओहमचा आकडा जुळवा, आठला आठ, सोळाला सोळा.

जुना अ‍ॅम्प घेणार असाल तर बघायला जाण्याआधी विकणाऱ्याला सांगा, तापवून ठेवू नका. थंड अ‍ॅम्प सुरू होताना बघायचा असतो. दिवे घालवून पाठीमागून पाहा. आतल्या तारा नारिंगी लालसर उजळणं बरोबर. काचेलगत निळसर झाक दिसली तरी घाबरू नका. पण राखाडी प्लेट स्वतःच लाल व्हायला लागली तर लगेच बंद करा. काचेच्या टोकाशी चांदीसारखा लेप असतो, तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली आहे. लाकडी पेन्सिलीनं प्रत्येक छोट्या व्हॉल्व्हवर हलकेच टकटक करा. स्पीकरमधून घंटा वाजल्यासारखं आलं तर तो व्हॉल्व्ह बदलावा लागेल, तेवढी किंमत उतरवून मागा. सगळी बटणं शेवटपर्यंत फिरवा. अर्धा तास वाजवा, कारण काही दोष गरम झाल्यावरच तोंड काढतात. आपल्या भागात आणखी एक बघायचं ते सुताचे तंतू. मागाशेजारी राहिलेल्या अ‍ॅम्पच्या आत राखाडी लव साचलेली असते, आणि ती तापल्या व्हॉल्व्हवर पडली की करपल्याचा वास येतो. जाळीबाहेरून पोचेल तेवढी मऊ कुंचल्यानं काढा, आतली मेकॅनिककडून. घरी आणल्यावर अ‍ॅम्पवर जुनं धोतर किंवा चादर टाकत जा, मात्र तो पूर्ण थंड झाल्यावरच.

व्हॉल्व्ह अ‍ॅम्प कुणी घेऊ नये हेही सांगायला हवं. पहिल्या वर्षात असलेल्यानं नको, आधी हात बसू दे. ऑर्केस्ट्रात एका रात्रीत तीस गाणी आणि प्रत्येकाला वेगळा आवाज लागणाऱ्यानं त्याच पैशांत चांगला मल्टिइफेक्ट प्रोसेसर घ्यावा आणि थेट मिक्सरमध्ये जावं. ज्याला रात्री अकरानंतरच वेळ मिळतो त्याला हेडफोन लावता येणारं काहीतरी हवं. ब्लूज, जुनं रॉक, किंवा एकाच आवाजात जीव ओतून वाजवायचं असेल त्यानं मात्र व्हॉल्व्हसाठी थांबावं, थोडं साठवावं, आणि मग घ्यावा.

कार्यक्रमात पंधरा वॅट पुरतात का? ड्रमसेट, बेस आणि एक गिटार, सभागृह दोनशे माणसांचं, एवढ्याला पुरतात, फक्त अगदी स्वच्छ आवाज फार मोठा मिळत नाही. मंडळाच्या मांडवात ढोलकी, ढोल आणि बेंजो असतील तर पंधराच काय, पन्नासही पुरणार नाहीत, आणि पुरवायचंही नाही. तिथं अ‍ॅम्प हा तुमचा आवाज तयार करणारा, तो लोकांपर्यंत नेण्याचं काम सिस्टीमचं. साउंडवाल्याकडे एक साधा डायनॅमिक माइक मागा. जाळीपासून दोन बोटं अंतरावर, स्पीकरच्या मध्यापासून कडेकडे सरकवून लावा. नेमका मध्यावर लावला तर आवाज टोचतो, अगदी कडेला लावला तर घुमा होतो. सहकाऱ्याला वाजवायला सांगून स्वतः मांडवाच्या शेवटच्या रांगेत जाऊन ऐका आणि माइक बोटाबोटानं हलवायला लावा. अ‍ॅम्प जमिनीवर नको. खुर्चीवर, थोडा मागं कललेला ठेवला तर त्याचं तोंड तुमच्या कानाकडे राहतं, मग तुम्ही आपसूकच आवाज कमी ठेवता आणि साउंडवाल्याचं काम सोपं होतं.

कार्यक्रम संपला की लगेच अ‍ॅम्प टेम्पोत टाकायची घाई करू नका. बंद करा, बाकीच्या वायरी गुंडाळा, चहा घ्या. तापलेली नळी हादऱ्याला फार नाजूक असते. पंधरा-वीस मिनिटांनी पाठीमागच्या जाळीवर तळहात धरून बघा, ऊब सोसवण्याइतकी उतरली असेल तरच उचला, आणि गाडीत स्पीकरचं तोंड सीटकडे करून ठेवा.